न फिरणारा पंप

पंप म्हटला की त्यात काहीतरी फिरायला हवं, असं माझं साधं मत होतं आणि अजूनही आहे. मोटार फिरते, तिच्यासोबत इम्पेलर फिरतो, इम्पेलर पाणी फेकतो आणि तिकडे केळीच्या बागेत पाइपातून धार पडते. फिरणं थांबलं की धार थांबते, मग शेतकरी शिव्या देत मोटार रिक्षात घालतो आणि आमच्या दुकानात आणतो. या फिरण्यावरच आमचं घर चाललं आहे. जळगावात पिंप्राळ्याला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पुढे दुकान आणि मागे घर. नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ते सुरू केलं आणि आता कित्येक वर्षं मी चालवते. त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीने जेव्हा सांगितलं, की ती एक असा पंप करते आहे ज्यात काहीच फिरत नाही, तेव्हा मी म्हटलं, "मग त्याला पंप कशाला म्हणतेस बाई? बाटली म्हण."

ती हसली. नाना हसले नाहीत. ते खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकले आणि म्हणाले, "दाखव बरं." माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा होता. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी इकडची काडी तिकडे करू देत नाही. धाकटी धुळ्याला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि शिकवता शिकवता पीएचडी करते. आई गेल्यापासून नानांचं घर मीच चालवते, म्हणून तिचं माहेर म्हणजे माझंच घर. ती बसते, मी मांडे करते. खापरावर मांडा टाकताना हात भाजतात ते माझे. आता मला सांगा, माझं माहेर कुठे? मी माहेरातच राहते, म्हणजे मला माहेरच नाही. हे एकदा मी नवऱ्याला बोलून दाखवलं. ते बोदवड स्टेशनवर नोकरीला आहेत, रोज गाडीने जाऊन-येऊन करतात. म्हणाले, "मग तू ये की बोदवडला, मी चहा पाजतो." असल्या माणसापाशी काय मन मोकळं करायचं!

लोकांना वाटतं, मला शिकायला मिळालं नाही म्हणून मी बहिणीवर जळते. छट्! मला शिकायचं नव्हतंच. मला मोटारीच्या स्टेटरमध्ये तार भरायला आवडायचं, व्हार्निशचा वास आवडायचा, बंद पडलेली मोटार पुन्हा घुमायला लागली की नाना "हां!" म्हणायचे ते आवडायचं. मी जळते ते त्या "हां!" वरून. तो माझा होता. धाकटीने पहिला नंबर आणला तरी नाना नुसती मान हलवायचे, आणि मी चांगली कॉइल भरली की "हां!" म्हणायचे. एवढ्या एका गोष्टीत मी तिच्या पुढे होते आणि ते मला पुरत होतं.

तर आखाजीला धाकटीने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत करंगळीएवढी जाड काचेची नळी होती, गोल वळवून दोन्ही टोकं जुळवलेली. आत ट्रान्सफॉर्मरचं तेल. नळीत एका जागी तारेचं बारीक टोक आणि त्याच्यापुढे थोड्या अंतरावर तांब्याचं कडं. दोघांना हजारो व्होल्ट जोडायचे, करंट मात्र नावापुरता. बटण दाबलं आणि तेल आपोआप चालायला लागलं. चालतंय ते दिसावं म्हणून तिने आत रंगाचे ठिपके सोडले होते, ते निवांत गोल गोल निघाले होते.

"फिरस काय मंग यामा?" नानांनी विचारलं. नाना दुकानात गिऱ्हाइकाशी शुद्ध बोलतात, पण जीव गुंतला की अहिराणीवर येतात.

"काहीच फिरत नाही, नाना. वीजच ढकलते. तारेच्या टोकापाशी तेलात विजेचा भार शिरतो, समोरचं कडं तो भार ओढून घेतं, आणि तो जाताना शेजारच्या तेलालाही सोबत नेतो. जत्रेत चार माणसं जोर करून निघाली की आजूबाजूची गर्दी आपोआप सरकते ना, तसं. बेअरिंग नाही, सील नाही. घासणारं काही नाही, म्हणून झिजणारं काही नाही. जिथे पंप काढून दुरुस्त करताच येत नाही, अशा ठिकाणी यंत्र थंड ठेवायला हा कामाचा."

"म्हणजे रिपेरिंगच नही?"

"नाही!"

"हां!" नाना म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात मांड्याचं ताट. वाटलं, ताट तिथेच आपटावं. अहो, ज्या माणसाचं आयुष्य रिपेअरिंगवर गेलं, ज्याने पोरींना रिपेअरिंगच्या पैशांवर वाढवलं, त्याने रिपेअरिंग नसलेल्या पंपाला "हां!" म्हणावं? आणि वर मला म्हणतात, "मोठे, इकडे ये, दख तरी." मी म्हटलं, "मांडे गार होतायत."

पुढचं तर ऐकाच. धाकटीला त्या तारेचं टोक आणि कडं हवं तसं बारीक आणि गुळगुळीत करून मिळत नव्हतं. बाहेरून करून आणलं तर कडा खरबरीत राहायच्या आणि तिथे ठिणगी उडायची. ती लाडात येऊन म्हणाली, "नाना, तुमचा हात लागला असता तर..." बस! तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत नाना पिशवी भरायला उठले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना दुकानात या म्हणून विनवत होते, तर त्यांचं एकच पालुपद, "आता डोळे नहीत मना." धुळ्याला जायला डोळे एकदम सापडले.

"आठ दिसमा परत येस," असं म्हणून गेले. आखाजी गेली, उन्हाळा संपला, पावसाळा आला आणि सरत आला, तरी आठ दिवस काही संपेनात.

दुकानात जो येईल तो आधी विचारायचा, "नाना कुठे?" मी सांगायचे, "धुळ्याला." "बरे आहेत ना?" "चांगले बरे आहेत." मग तो माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच घराबाहेर काढलं म्हाताऱ्याला. यावलच्या एका केळीवाल्याची मोठी सबमर्सिबल आली होती, दोन जागी जळलेली, दुसऱ्या दुकानदाराने हात टेकलेली. मी बसले. आतलं सगळं काढलं, नवं भरलं, भट्टीत वाळवलं आणि पाण्याच्या टाकीत सोडून चालवली. अशी गोड चालली की मीच खूश झाले. लगेच नानांना फोन लावला. म्हटलं, ऐका, आणि फोन मोटारीपाशी धरला. परत कानाला लावला तर नाना म्हणत होते, "थांब, धाकटी बलाई राहिनी." तिने बोलावलं आणि फोन बंद. केळीवाला समोर उभा होता म्हणून, नाहीतर मी फोन त्याच टाकीत फेकला असता.

शेवटी गणपती झाल्यावर मी धुळ्याची एसटी धरली. पिशवीत कळण्याच्या भाकरीचं पीठ, ठेचा, नानांची आवडती शेव. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचले तर दोघं एका टेबलाशी डोकी जुळवून बसलेले. नानांच्या हातात चिमटा, तिच्या हातात भिंग. मी दारात उभी आहे, याचा पत्ता कुणाला?

"नाना, हातमोजे!" धाकटी ओरडली. "किती वेळा सांगितलं, उघड्या बोटांनी काचेला हात लावायचा नाही. घाम लागतो, ओल जाते, तेल खराब होतं."

मला वाटलं, आता नाना भडकतील. मी एकदा नुसतं चष्मा लावा म्हटलं होतं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पण नाना गालात हसले, शाळेतल्या पोरासारखे हात पुढे केले आणि तिने त्यांना हातमोजे चढवले. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला त्या दारात कळलं.

पंप बघितला मी. खोटं कशाला बोलू, छान होता. टेबलावर एवढीशी नळी, तिच्यावर तेल भरायला आणि बुडबुडे निघायला एक छोटी वाटी, तिला टोपण. बटण दाबलं. आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. आणि तेल चाललं. मी इतक्या मोटारी हाताळल्यात, पण मीही नळीजवळ कान नेऊन बघितला. मग मला त्या पंपाचाच राग आला. घुमत नाही, तापत नाही, तक्रार नाही, आणि सगळ्यांनी भोवती बसून कौतुक करायचं. मी मात्र दिवसभर घुमते आणि कुणी ढुंकून बघत नाही.

चहा पिताना धाकटी म्हणाली, "अक्का, तुझ्याशी बोलायचं होतं. दसऱ्यानंतर माझ्या गाइड सरांसमोर पंप चालवून दाखवायचा आहे. त्यानंतरही काम पुष्कळ आहे. मी विचार करतेय, नाना आता माझ्याकडेच राहू देत. कायमचे. इथे त्यांचं मन रमतं."

मी नानांकडे पाहिलं. नाना बशीतला चहा फुंकत होते.

म्हटलं, "आणि खंडेनवमीला पूजा कोण करेल दुकानात?"

"येस ना," नाना म्हणाले. "धाकटीना पंप बी आनसूत पूजाले."

मी एसटीत बसले ती ठरवूनच. एकदा नाना खंडेनवमीला घरी आले, की परत जाऊ द्यायचे नाहीत. रडेन, भांडेन, आजारी पडेन, दारात आडवी झोपेन, पण नाना माझ्याकडेच राहतील. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात धाकटीशी भांडले आणि दर वेळी जिंकले.

आमच्या दुकानातली खंडेनवमी कशी असते ते सांगते. आदल्या दिवशी सगळं धुऊनपुसून घ्यायचं. वाइंडिंगचं मशीन, पक्कड, पाने, मल्टिमीटरसुद्धा. दुरुस्त झालेले पंप बाकावर ओळीने मांडायचे. नाना सगळ्यांना गंध, कुंकू, झेंडू वाहतात. आणि शेवटी पहिलं पाणी. जुन्या पंपांना आधी तोंडातून पाणी भरल्याशिवाय ते खेचायचेच नाहीत, त्यावरून नानांनी ही रीत पाडली. पूजा झाली की तांब्यातलं ओंजळभर पाणी बाकावरच्या प्रत्येक पंपाच्या तोंडात घालायचं, मग बटण. कोरडा पंप चालू करायचा नाही, अपशकुन. आमच्या दुकानात पंपाला पाणी पाजणं म्हणजे बाळाला पहिला घास भरवण्यासारखं आहे, आणि ते फक्त नाना करतात.

त्या सकाळी दोघं आले. धाकटीने तिचा पंप खोक्यातून असा काढला, जसं काही पाळण्यातून बाळच. बाकावर ओळीच्या टोकाला तो ठेवला, व्होल्ट देणारा डबा जोडला, बुडबुडे निघून जावेत म्हणून वाटीचं टोपण काढलं आणि मला बजावलं, "अक्का, याला फक्त फूल. लांबून." मी म्हटलं, "तुझ्या पंपाला मी कशाला हात लावू?" तेवढ्यात तिला सरांचा फोन आला आणि ती बोलत बोलत गल्लीत गेली.

नाना पूजेला बसले. नवं धोतर, कपाळाला गंध. किती दिवसांनी ते माझ्या दुकानात होते! मी तांब्या हातात दिला. नानांनी ओळीने सुरुवात केली. मोनोब्लॉकच्या तोंडात पाणी, नमस्कार. जेटपंपाच्या तोंडात पाणी, नमस्कार. सबमर्सिबलवर पाणी, नमस्कार. ओठांत काहीतरी पुटपुटत, डोळे अर्धे मिटलेले, हात आपोआप पुढे सरकत होता. आणि त्याच हाताने, त्याच मायेने, त्यांनी धाकटीच्या पंपाच्या त्या एवढ्याशा वाटीत पाणी घातलं. नमस्कारसुद्धा केला.

माझ्या तोंडून "अहो!" निघेपर्यंत झालं होतं. पाण्याचे थेंब तेलातून खाली गेले आणि नळीत बसले. नाना माझ्याकडे बघायला लागले. तेलात ओल गेली की काय होतं, हे आम्हा दोघांना कुणी सांगायला नको होतं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पाणी शिरलेलं आम्ही आयुष्यभर बघितलंय.

"झालं का सगळं? लावते मी!" धाकटी फोन खिशात टाकत आत आली ती थेट बटणाकडे.

"थांब," मी ओरडले. पण तिचं बोट पोचलं होतं. चट् आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, नळीत काळं धुरकट पसरलं आणि काच तडकली. तेल बाकावर आलं, झेंडूच्या फुलांमध्ये.

धाकटी वाकून बघत राहिली. मग तिने नळीच्या तळाशी बोट लावलं. "पाणी," ती म्हणाली. "यात पाणी कुणी टाकलं?"

विचारलं मात्र तिने, पण बघितलं ते सरळ माझ्याकडे. नानांकडे तिची नजर गेलीच नाही. नाना तिच्या मागे उभे होते, तांब्या हातात तसाच. ते हळूच म्हणाले, "मोठीनी टाकं व्हई."

मला ऐकू आलं ते खरं आहे की नाही, हे कळायला मला वेळ लागला. नाना आणि खोटं! गिऱ्हाइकाला जुनं बेअरिंग नवं म्हणून कधी न विकलेला माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकटीने आपल्याला वेंधळं म्हातारं म्हणू नये, त्या टेबलावरून उठवू नये, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. आणि ते माझ्याकडे बघत होते. आखाजीपासून पहिल्यांदा, सगळं सोडून, फक्त माझ्याकडे.

मी एक वाक्य बोलायची खोटी होती. "मी नाही, नानांनी." झालं असतं काम. तिने परत त्यांना काचेला हात लावू दिला नसता. आठवड्याभरात नाना पिशवी घेऊन जळगावला आले असते, कायमचे. रडायला नको, भांडायला नको, दारात झोपायला नको. आयतं ताट वाढून समोर आलं होतं.

"हो," मी म्हटलं. "मीच टाकलं. सवयीने."

"सवयीने?" धाकटीचा आवाज फाटला. "मी बजावून गेले होते, अक्का! सवयीने नाही. पहिल्या दिवसापासून तुझ्या डोळ्यांत खुपतोय माझा पंप. बाटली म्हण म्हणालीस तेव्हापासून!"

तिचं निम्मं खरंच होतं. मी फडकं आणून तेल पुसायला लागले. ती रडत रडत खोकं भरत होती. सरांना दाखवायचा दिवस तोंडावर आलेला, सगळं पहिल्यापासून करायचं. दुपारच्या एसटीने ती निघाली आणि तिच्यासोबत नाना. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दसऱ्याला सोनं द्यायलाही घरात नाना नव्हते.

म्हणजे जे व्हायला नको होतं तेच झालं, आणि माझ्या तोंडाने झालं. आमचे हे म्हणाले, "तू कशाला मधे पडलीस?" त्यांना मी खरं सांगितलंच नाही. कुणालाच नाही.

पण एक झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन आला. स्वतःहून! "काय मोठे, कोनती मोटार शे आज?" मी सांगितली. त्यांनी सगळं विचारलं, तार कोणती वापरली, व्हार्निश वाळलं का. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. धाकटी आंघोळीला गेली की करायचे, हे मला नळाच्या आवाजावरून कळायचं. त्या पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पण तो आमच्या दोघांच्या मधे होता, झाकून ठेवलेल्या खाऊसारखा. मला सांगायला लाज वाटते, पण मी इतकी सुखात होते! फोनची वाट बघत लवकर उठायचे. धाकटीकडे नाना होते, नानांचे हात होते, दिवसभराची सोबत होती. पण नानांचं हे एक तिच्याकडे नव्हतं. हे फक्त माझं होतं. मला वाटलं, राहू देत तिथेच. एवढ्यावर मी निभावून नेईन.

पंप दाखवायच्या दिवशी मी धुळ्याला गेले. बोलावलं नव्हतं कुणी. डबा करून नेला दोघांसाठी. प्रयोगशाळेच्या दारात धाकटी आडवी आली. नवी साडी, डोळ्यांखाली काळं.

"अक्का, तू बाहेरच बस. रागावू नकोस, पण आज मला काही धोका नको."

माझ्या हातात डबा होता. मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? आत टेबलाशी नाना बसले होते, हातमोजे घालून. त्यांनी मान वर केली. त्यांनी ऐकलं होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

थोड्या वेळाने हातमोजे काढत काढत नाना बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले.

"नाना, आत जा. सर आलेत. तुमचा पंप आहे तो."

"मी बी आठेच बससू."

"इथे कसले बसता? वेड्यासारखं करू नका. एवढे महिने कशासाठी घासलं मग?"

ते काही हलले नाहीत. मी ओरडले, दंडाला धरून उठवायला बघितलं, तरी नाहीत. मग मी डबा उघडला. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेचा लावला आणि खायला लागले. आत त्यांनी केलेल्या तारेवर, त्यांनी घासलेल्या कड्यावर तेल चालणार होतं आणि माझे नाना ते सोडून माझ्या शेजारी बसून माझ्या हातची भाकरी खात होते. खरं सांगते, ते संपूच नये असं मला वाटत होतं.

दार उघडलं. धाकटी धावत आली, चेहरा नुसता फुललेला. "नाना, चाललं! मस्त चाललं! सर विचारतायत, ही तार कुणी केली. चला ना, या आत."

नाना उठले नाहीत. त्यांनी घास गिळला, हात धोतराला पुसले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "पाणी मी टाकं व्हतं. हिनी नही."

धाकटीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती नानांकडे, माझ्याकडे, पुन्हा नानांकडे बघायला लागली. मी नानांचा हात दाबला, गप्प बसा म्हणून. पण ते थांबेनात. हात कसा गेला, तोंडातून कसं निघालं, तुला काय वाटेल याची कशी भीती वाटली, सगळं तिला सांगत सुटले. तिलाच सांगत होते. मला त्यातलं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं.

"आणि तू हो म्हणालीस?" धाकटी माझ्यापाशी खाली बसली. "अक्का, का गं?"

काय सांगायचं हिला? नाना होते, नानांचा हात होता, तो "हां!" होता, ते सगळं हळूहळू तिच्याकडे निघालं होतं. आमच्या दोघांचं म्हणून एवढं एकच उरलं होतं, आणि आत्ता तेही नानांनी तिला देऊन टाकलं. तिने मला गच्च मिठी मारली. नाना पोरासारखे मोकळे हसत होते, मनावरचं ओझं उतरल्यासारखे. मला मात्र रडू फुटलं, आवरेना. धाकटी माझी पाठ थोपटत होती, नाना डोक्यावरून हात फिरवत होते. दोघांना वाटलं, सगळं मिटलं म्हणून मी आनंदाने रडते आहे.